८० टक्के ब्लॉक आणि बाकीचं हृदय

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६३ वर्षांचे. गेले तीन महिने जिना चढताना छातीवर दडपण येतं, थांबले की चार-पाच मिनिटांत जातं. अँजिओग्राफीत एका धमनीत ८० टक्के अडथळा निघाला. एक डॉक्टर म्हणतात स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) घालून टाका, दुसरे म्हणतात आधी औषधं नीट सुरू करू. घरात दोन तट पडलेत. त्यातून विचारलंय, की हृदय मुळात चालतं कसं, हा ब्लॉक नेमकं काय बिघडवतो आणि कुठला उपचार कशासाठी असतो.

पंचवीसेक वर्षं मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळीवाटे हृदयाची तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीत, काढली आहेत, स्टेंट घालणं हे माझं रोजचं काम. तरी उत्तराची सुरुवात मी स्टेंटपासून करणार नाही. तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. ते कसं, हे कळायला हृदय स्वतःचं पोट कसं भरतं ते आधी बघावं लागेल.

हृदय मुठीएवढं असतं, वजन साधारण ३०० ग्रॅम. लोक समजतात तसं ते पूर्ण डावीकडे नसतं. छातीच्या मधोमध, फक्त टोक डावीकडे कललेलं. आत पाठीला पाठ लावून बसलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून परत आलेलं रक्त शेजारच्या फुफ्फुसांत ढकलतो. डावा पंप फुफ्फुसांतून आलेलं ताजं रक्त डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत पोचवतो. डाव्याला उजव्यापेक्षा चार-पाच पट दाब निर्माण करावा लागतो, म्हणून त्याची भिंतही कितीतरी जाड. प्रत्येक पंपाला वर एक गोळा करणारा कप्पा आणि खाली एक ढकलणारा कप्पा, असे एकूण चार. रक्त उलटं फिरू नये म्हणून चार झडपा. आम्ही स्टेथोस्कोप लावून ऐकतो तो 'लब-डब' आवाज या झडपा मिटल्याचा असतो.

एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर झाले पाच लिटर, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला एक फेरी मारून येतं. हा साधा गुणाकारच विल्यम हार्वेनं केला होता. त्या काळी समज असा होता, की यकृत सतत नवं रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून संपवतं. हार्वेनं हिशेब मांडला की अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त ढकलतं तेवढं अख्ख्या शरीरात नसतंच. मग तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. १६२८ साली त्यानं हे छापलं. मला आजही हा पुरावा फार देखणा वाटतो, कारण तो काढायला यंत्र लागलं नाही.

ठोक्याची सुरुवात उजव्या वरच्या कप्प्यातल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यातून होते. तो स्वतःहूनच ठरावीक गतीनं विजेचा सूक्ष्म झटका देत राहतो; मेंदू ती गती वाढवतो किंवा कमी करतो, पण ठोका सुरू करत नाही. झटका वरच्या कप्प्यांतून पसरतो, मध्यावर एका गाठीपाशी सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा रेंगाळतो आणि मग खालच्या कप्प्यांत उतरतो. त्या रेंगाळण्यात वरचे कप्पे रिकामे व्हायला वेळ मिळतो. ईसीजी म्हणजे या विजेच्या प्रवासाची छातीवरून टिपलेली नोंद. इथंच एक गोष्ट सांगून ठेवतो: तुमच्या वडिलांसारख्या त्रासात आरामात पडून काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो. 'ईसीजी नॉर्मल आहे, गॅसच असेल' या वाक्यावर विसंबून थांबलेले पुष्कळ लोक मी पाहिलेत.

आता मुख्य मुद्दा. हृदयाच्या पोटात रक्ताचा सततचा लोंढा असतो, पण त्यातलं त्याच्या स्नायूला जवळजवळ काही मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. महाधमनी हृदयातून निघते तिथंच बुडाशी दोन बारीक फांद्या फुटतात, त्या करोनरी धमन्या. तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या या नळ्या हृदयाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि तिथून स्नायूत शिरतात. डावीकडची फांदी लगेच दोन मोठ्या शाखांत विभागते, म्हणून आम्ही बोलताना 'तीन धमन्या' म्हणतो.

या पुरवठ्याच्या दोन खोडी आहेत. पहिली अशी, की हृदय आकुंचन पावतं तेव्हा स्नायूत शिरलेल्या स्वतःच्याच नळ्या दाबतं. त्यामुळे डाव्या पंपाच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते तो सैल पडल्यावर, दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. दुसरी खोड अशी, की शरीरातले बाकीचे अवयव मिळून रक्तातला पाव भाग प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला राखीव ठेवतात. हृदय मात्र आरामातसुद्धा ७० टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. फारसं शिल्लक ठेवतच नाही. म्हणजे काम वाढलं की हृदयापुढे एकच वाट उरते, आणखी रक्त आणायचं. निरोगी धमन्या रुंदावून हा पुरवठा चार-पाच पट वाढवू शकतात.

आता वडिलांना जिन्यावर उभं करा. पाय रक्त मागतात, ठोके ७० वरून ११० वर जातात. ठोके वाढले की मधला विसावा आखूड होतो. म्हणजे गरज वाढली आणि भरून घेण्याचा वेळ घटला, त्यात एक नळी चिंचोळी. तिच्या पलीकडचा स्नायू उपाशी पडतो आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. थांबलं की ठोके उतरतात, विसावा लांबतो, दडपण निवतं. याला अंजायना म्हणतात. असं दडपण सांगताना माणूस बहुधा पूर्ण तळहात किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. एका बोटानं 'इथं टोचतं' असं दाखवणारं दुखणं बऱ्याचदा हृदयाचं नसतं. अर्थात ही खूण आहे, निदान नव्हे.

एवढं कळलं की अर्धी औषधं आपोआप कळतात. बीटा ब्लॉकर ठोके कमी करतो, म्हणजे गरजही कमी करतो आणि विसावाही लांबवतो, एका दगडात दोन पक्षी. हे औषध जेम्स ब्लॅक यांनी याच तर्कातून घडवलं आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी शिरा आणि धमन्या सैल करते, हृदयावरचा भार उतरतो. तिच्यातलं मूळ द्रव्य नायट्रोग्लिसरीन, म्हणजे डायनामाइटमधलंच. ज्यांच्या नावानं ते पारितोषिक दिलं जातं त्या आल्फ्रेड नोबेल यांनाही अखेरच्या काळात हृदयाच्या त्रासासाठी हेच सुचवलं गेलं होतं. ही गोळी बसून घ्यायची, कारण बीपी उतरून चक्कर येऊ शकते. लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी औषधं घेणाऱ्यांनी ती घेऊ नये. बीपी धोकादायक पातळीला कोसळतं. हा प्रश्न घरच्यांसमोर विचारला तर खरं उत्तर मिळत नाही, म्हणून मी तो रुग्णाला एकट्याला विचारतो.

बहुतेक लोकांच्या डोक्यातलं चित्र असं असतं: पाइपमध्ये गाळ साचतो, ८० टक्के साचला, आता २० उरले, भरले की अटॅक. हे चित्र पटायला सोपं आहे आणि चुकीचं आहे. चरबी नळीच्या पोकळीत साचत नाही, ती भिंतीच्या आत साचते. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तराखाली शिरतं, तिथं अडकतं, त्याला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, त्याही तिथंच फुगून मरतात. वर्षानुवर्षं ही धुसफूस चालते. आत लोण्यासारखा गोळा तयार होतो आणि त्यावर तंतूंचं टोपण बसतं. सुरुवात किती लवकर होते हे कोरियातल्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनांत दिसलं. त्यांचं सरासरी वय २२ होतं, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या करोनरी धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. ते निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले.

हे टोपण जाड आणि घट्ट असेल तर नळी हळूहळू चिंचोळी होते आणि जिन्यावर दडपण येतं. टोपण पातळ असेल तर ते एखाद्या दिवशी फाटतं. आतला गोळा रक्ताला उघडा पडतो, शरीराला वाटतं जखम झाली, आणि काही मिनिटांत तिथं गुठळी धरते. नळी बंद. हा हार्ट अटॅक. यातली चमत्कारिक गोष्ट अशी, की फाटणारी जागा पुष्कळदा आधी ४० किंवा ५० टक्केच चिंचोळी असते. तिनं कधी दडपण दिलेलं नसतं, ट्रेडमिल चाचणीतही ती पकडली गेली नसती. 'महिन्यापूर्वी सगळ्या तपासण्या नॉर्मल होत्या हो' असं सुन्न होऊन सांगणाऱ्या नातेवाइकांना मला हेच समजवावं लागतं.

म्हणून रिपोर्टातल्या ८० टक्क्यांकडे बघताना दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. हा अडथळा त्रास देतोय का? आणि या माणसाच्या सगळ्या धमन्यांच्या भिंतींची तब्येत कशी आहे? स्टेंट पहिल्या प्रश्नावरचा इलाज आहे. दुसऱ्यावरचा इलाज गोळ्या आणि रोजचं वागणं.

त्या आकड्याबद्दलही जरा सांगतो. तो पडद्यावर डोळ्यांनी बघून केलेला अंदाज असतो. मी ८० म्हणेन तिथं माझा सहकारी ७० म्हणेल, आणि दोघंही प्रामाणिक असू. अडथळा किती अडवतो हे मोजायचं तर दाब मोजणारी बारीक तार त्याच्या पलीकडे नेऊन अलीकडचा आणि पलीकडचा दाब ताडून बघता येतो. गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा खरोखर रक्त अडवतोय असं धरतात. ५० ते ७० टक्क्यांच्या संशयास्पद जागांना ही चाचणी फार उपयोगी पडते. डोळ्याला भयंकर दिसणारी जागा कधी निरुपद्रवी निघते आणि मग हातातला स्टेंट परत कपाटात जातो.

अटॅकची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. तिथं विचारविनिमयाला वेळ नसतो. नळी बंद पडल्यावर साधारण २० ते ४० मिनिटांत स्नायू मरायला लागतो आणि पुढचे काही तास ते मरण आतून बाहेर सरकत जातं. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथं व्रण होतो. छातीच्या मध्यावर दडपण, ते जबड्याकडे, खांद्याकडे, डाव्या हाताकडे जाणं, दरदरून घाम, मळमळ, आणि थांबूनही पंधरा-वीस मिनिटांत न ओसरणं, ही नेहमीची लक्षणं. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात पुष्कळदा दुखतच नाही. नुसती धाप लागते, उलटी होते, गळून गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी स्वतः गाडी चालवत जायचं नाही, अँब्युलन्स बोलवायची. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कुठून रक्तस्राव होत नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायची. चावल्यानं ती लवकर लागू पडते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड चाचणीत सतरा हजारांहून अधिक अटॅकचे रुग्ण होते. नुसत्या ॲस्पिरिननं त्यांच्यातले पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास पाव हिश्श्यानं घटले होते. इतकी स्वस्त, इतकी जुनी गोळी!

रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. त्यात नळी पूर्ण बंद असल्याची खूण दिसली तर तातडीची अँजिओप्लास्टी (बारीक फुग्यानं नळी उघडणं) करतात, आणि पोचल्यापासून नळी उघडेपर्यंत ९० मिनिटांच्या आत काम व्हावं असा दंडक आहे. ती सोय दोन तासांच्या टप्प्यात नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग मोठ्या केंद्राकडे न्यायचं. हे इंजेक्शन म्हणजे दुय्यम दर्जाचा इलाज असं समजून नातेवाईक कधी कधी अडून बसतात. लांबच्या कॅथलॅबच्या आशेनं घालवलेल्या तीन तासांपेक्षा पहिल्या तासात मिळालेलं इंजेक्शन कैक पटींनी बरं. ईसीजी संशयास्पद असेल तर ट्रोपोनिन या हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाची रक्त तपासणी काही तासांच्या अंतरानं दोनदा करतात. स्नायू मरत असेल तर रक्तातली त्याची पातळी वाढते. आणि 'मायनर अटॅक' हा शब्द मला अजिबात आवडत नाही. तो ऐकला की माणूस निर्धास्त होतो आणि दोन महिन्यांत गोळ्या सोडतो.

अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही जाता जाता. अटॅकमध्ये नळी बंद असते, माणूस बोलत असतो. हृदय बंद पडतं तेव्हा बहुधा विजेचा गोंधळ झालेला असतो, माणूस कोसळतो, श्वास थांबतो. तिथं त्याच क्षणी छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. बरगडी मोडेल ही भीती बाजूला ठेवा. मोडलेली बरगडी सांधते.

आता तुमच्या घरातला वाद. वडिलांना अटॅक आलेला नाही. त्रास ठरावीक श्रमानंच होतो, थांबल्यावर जातो. याला स्थिर अंजायना म्हणू. अशा रुग्णांना स्टेंटनं काय मिळतं, हा आमच्या शास्त्रातला गेल्या वीस वर्षांतला सर्वांत रंगलेला वाद आहे.

त्याची सुरुवात १६ सप्टेंबर १९७७ ला झाली. झुरिचमध्ये आंद्रेयास ग्रुंटझिग या तरुण डॉक्टरनं ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या करोनरी धमनीत बारीक फुगा नेऊन फुगवला आणि अडथळा भिंतीत दाबून टाकला. हे फुगे त्यानं घरच्या टेबलावर बसून हातानं बनवले होते. त्या रुग्णाची ती जागा कित्येक दशकांनीही उघडी होती. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं: नुसत्या फुग्यानं उघडलेल्या साधारण एक तृतीयांश जागा सहा महिन्यांत पुन्हा आवळत. म्हणून १९८६ साली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट आला आणि या शतकाच्या सुरुवातीला औषधाचा लेप असलेला स्टेंट. तंत्र सुधारत गेलं, हात सराईत झाले, आणि दिसला ब्लॉक की उघड, ही सवय जडली. मलाही जडली होती. पडद्यावर आक्रसलेली नळी क्षणात भरून वाहताना बघण्यात जे समाधान आहे ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की त्या समाधानातलं किती रुग्णाच्या वाट्याला येतं?

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' चाचणीत स्थिर अंजायनाच्या २,२८७ रुग्णांना दोन गटांत वाटलं होतं, एकाला उत्तम औषधं आणि दुसऱ्याला औषधांसोबत स्टेंट. मृत्यू आणि अटॅक दोन्हीकडे सारखेच. मग 'इस्केमिया' नावाची आणखी मोठी चाचणी झाली, ५,१७९ रुग्ण, तेही ताण-चाचणीत बराच दोष दिसलेले. तिचे निष्कर्ष २०२० साली छापून आले. पुन्हा तेच: सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. मात्र ज्यांना वरचेवर दडपण येत होतं त्यांचा त्रास नक्की कमी झाला. यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. फाटणारी जागा बहुधा दुसरीच असते हे वर सांगितलंच.

त्रास कमी होण्यात तरी जाळीचा वाटा किती आणि 'माझं ऑपरेशन झालं' या भावनेचा किती? हे तपासायला २०१७ साली 'ऑर्बिटा' चाचणीनं धाडस केलं. २०० रुग्णांपैकी निम्म्यांना कॅथलॅबमध्ये नेलं, झोपवलं, पण स्टेंट घातलाच नाही, आणि कोणाला काय मिळालं हे त्यांना कळू दिलं नाही. भरपूर औषधं चालू असताना दोन्ही गटांच्या चालण्याच्या क्षमतेत ठळक फरक निघाला नाही. आमच्या बिरादरीत बरीच चिडचिड झाली. पुढे २०२३ साली त्याच गटानं अंजायनाच्या गोळ्या बंद ठेवून तशीच तुलना केली, तेव्हा स्टेंटनं दडपण खरोखर कमी होतं हे दिसलं. दोन्ही एकत्र वाचले तर चित्र स्वच्छ आहे: स्थिर अंजायनात स्टेंट दडपणावरचा चांगला इलाज आहे, आयुष्य वाढवण्याचा विमा नाही.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. डाव्या मुख्य धमनीच्या बुंध्यातच मोठा अडथळा असेल, किंवा डाव्या पंपाची ताकद बरीच खालावलेली असेल, तर 'आधी औषधं बघू' हे लागू नाही. इस्केमिया चाचणीत असे रुग्ण घेतलेच नव्हते.

तिन्ही धमन्यांत रोग असेल, त्यातही मधुमेह असेल, तर बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरते; २०१२ सालच्या 'फ्रीडम' चाचणीनं हे मधुमेही रुग्णांत दाखवलं. कारण पुन्हा तेच, भिंतीचं. स्टेंट एका जागेला आधार देतो. बायपासची नवी वाट बऱ्याच पुढे जाऊन जोडली जाते, त्यामुळे मधल्या पट्ट्यात उद्या दुसरी जागा बिघडली तरी पलीकडच्या स्नायूला रक्त मिळत राहतं. रेने फावालोरो यांनी १९६७ साली क्लीव्हलँडमध्ये पायाची शीर काढून ही शस्त्रक्रिया रुळवली. आज छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य शाखेला जोडणं हा तिचा कणा आहे. ती धमनी दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत वाहती असते. पायाच्या शिरांपैकी त्या मुदतीत जवळपास निम्म्या निकामी होतात. सर्जनला विचारायचा चांगला प्रश्न कुठला, तर 'किती बायपास करणार?' यापेक्षा 'त्यातल्या धमन्या किती आणि शिरा किती?'

भिंतीच्या औषधांकडे येतो. पहिला मान स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. एलडीएल साधारण ४० मिलिग्रॅमनं उतरवलं की अटॅक, लकवा वगैरे मोठे प्रसंग जवळपास एक पंचमांशानं कमी होतात. आणखी उतरवलं तर आणखी कमी. ज्याच्या धमन्यांत रोग सिद्ध झालाय त्याचं एलडीएल ७० च्या खाली, शक्यतो ५५ च्या खाली आणायचा आमचा प्रयत्न असतो. म्हणून 'कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?' याला उत्तर असं, की लॅबचा नॉर्मल निरोगी माणसासाठी छापलेला असतो. शिवाय स्टॅटिन त्या लोण्यासारख्या गोळ्यावरचं टोपण घट्ट करतं. अंग दुखण्याच्या तक्रारी खऱ्या असतात, पण गोळी आणि दिसायला तशीच खोटी गोळी आलटून पालटून दिली तर बहुतेक तक्रारी दोन्हींवर सारख्याच येतात. खरंच सोसत नसेल तर डोस कमी करता येतो, दुसरं औषध जोडता येतं. परस्पर बंद करू नका.

दुसरी ॲस्पिरिन, गुठळी धरू नये म्हणून. स्टेंट घातला तर तिच्या जोडीला दुसरी तशीच गोळी काही महिने, अटॅकनंतर साधारण वर्षभर. या दोन गोळ्या मधेच बंद करणं फार महागात पडतं. माझ्या एका रुग्णानं दात काढायचा म्हणून स्टेंटनंतर सहाव्या आठवड्यात दोन्ही स्वतःहून थांबवल्या. पाचव्या दिवशी तो स्टेंट गुठळीनं भरलेला घेऊन पहाटे परत आला. वाचला, पण पंप कायमचा अधू झाला. दात दोन महिन्यांनी काढता आला असता.

बीपी, शुगर, वजन, चालणं याबद्दल तुम्ही भरपूर ऐकलं असेल, मी लांबवत नाही. तंबाखू मात्र वेगळी काढून सांगतो, कारण तिच्याइतका झटपट परतावा देणारं दुसरं काही नाही: सिगरेट सोडल्यावर वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला हृदयाचा धोका साधारण निम्म्यावर येतो.

हृदयाचे बाकीचे आजार थोडक्यात. लोक 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला असं समजतात. वैद्यकात त्याचा अर्थ पंप अशक्त झाला एवढाच. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा पंप भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतो ते बघतात. निरोगी माणसात हा आकडा ५५ ते ७० असतो, १०० कधीच नसतो, त्यामुळे ६० बघून घाबरू नका. ४० च्या खाली गेला तर आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात आणि त्यांनी आयुष्य खरोखर वाढतं. अशा रुग्णानं रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना कळवावं. विजेची गती मंदावली तर पेसमेकर. पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये बसला, तो काही तासच चालला. पण तो रुग्ण नंतर एकामागून एक यंत्रं बदलत २००१ पर्यंत जगला, त्याचा सर्जनही त्याच्याआधी गेला. झडप आक्रसली तर पूर्वी छाती उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २००२ साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी नळीवाटे नवी झडप बसवली आणि वयस्कर रुग्णांसाठी दार उघडलं.

वडिलांबद्दल मी काय करेन? रिपोर्ट न बघता निर्णय देणार नाही, पण कुठं बघेन ते सांगतो. अडथळा नेमका कुठल्या धमनीत, आणि बुंध्याजवळ की टोकाकडे. इकोत पंपाची ताकद किती. आणि सर्वांत आधी, दडपणासाठी आजवर औषधं किती आणि किती दिवस दिली. अडथळा डाव्या मुख्य बुंध्यात नसेल आणि पंप चांगला असेल, तर ॲस्पिरिन, भरपूर डोसमध्ये स्टॅटिन, बीटा ब्लॉकर, लागल्यास आणखी एक अंजायनाची गोळी, आणि सहा ते आठ आठवडे. त्यानंतर वडिलांनाच विचारा. जिना चढता येतोय आणि त्यांची तक्रार नाही, तर स्टेंट थांबू शकतो, कायमचासुद्धा. गोळ्या घेऊनही दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतंय, किंवा गोळ्यांनी ठोके इतके उतरतात की दिवसभर मरगळ येते, तर स्टेंट घालायला मी स्वतः पुढे होईन आणि त्याचा त्यांना फायदा होईल. म्हणजे पहिले डॉक्टर घाईत असतील कदाचित, चूक नाहीत. दुसरे चालढकल करत नाहीयेत. कुठलाही मार्ग निवडला तरी ॲस्पिरिन आणि स्टॅटिन सुटत नाहीत.

फक्त एक अट. हे आठ आठवडे वडिलांच्या त्रासाकडे लक्ष ठेवा. आज दुसऱ्या मजल्यावर येणारं दडपण पहिल्याच मजल्यावर येऊ लागलं, बसल्याजागी किंवा झोपेत आलं, किंवा पाच मिनिटांचं पंधरा मिनिटं रेंगाळलं, तर टोपण हलतंय असं समजा. मग वर लिहिलेलं स्थिर अंजायनाचं काहीही लागू राहत नाही. पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न बघता, रात्र असली तरी, तसेच अँब्युलन्सनं रुग्णालयात न्या.